स्वरयंत्रातील कूर्चेचा दुर्मीळ कर्करोग : उपचार व फलनिष्पत्ती

प्रस्तावना :

स्वरयंत्राचा कर्करोग म्हटला की तंबाखू, विडी-सिगारेट व मद्य यांची आठवण होते. ती योग्यच आहे. कारण या अवयवातील बहुतांश कर्करोग आतील अस्तराच्या पेशींपासून उद्भवतात व त्यांचा या व्यसनांशी असलेला संबंध सिद्ध झालेला आहे. मात्र स्वरयंत्राच्या सांगाड्यातून, म्हणजेच कूर्चेतून, उद्भवणारा एक वेगळा कर्करोग आहे. त्यास कॉन्ड्रोसार्कोमा असे म्हणतात. स्वरयंत्राच्या एकूण कर्करोगांत त्याचे प्रमाण सुमारे १ टक्का किंवा त्याहूनही कमी आहे. व्यसनांशी त्याचा तसा संबंध प्रस्थापित झालेला नाही. त्यामुळे 'आपणास कोणतेही व्यसन नाही' या समाधानात त्याच्या लक्षणांकडे दुर्लक्ष होण्याचा संभव असतो. प्रस्तुत लेखात या रोगाचे स्वरूप, उपचार व फलनिष्पत्ती यांचा थोडक्यात परामर्श घेतला आहे.

स्वरूप व निदान :

हा रोग प्रामुख्याने पन्नाशीनंतर व स्त्रियांपेक्षा पुरुषांत अधिक आढळतो. सुमारे ७० ते ७५ टक्के रुग्णांत गाठीचा उगम क्रिकॉइड या अंगठीच्या आकाराच्या कूर्चेत, विशेषतः तिच्या मागील रुंद भागात होतो. त्याखालोखाल थायरॉइड कूर्चेचा, म्हणजे ज्या कूर्चेमुळे कंठमणी दिसतो तिचा, क्रमांक लागतो. गाठ अतिशय सावकाश वाढते. आवाज घोगरा होणे, धाप लागणे, गिळण्यास त्रास होणे किंवा गळ्यावर टणक गाठ जाणवणे ही तिची लक्षणे होत.

गाठ अस्तराखाली असल्याने दुर्बिणीतून पाहता वरचे आवरण निरोगी दिसू शकते. वरवर घेतलेल्या तुकड्याच्या तपासणीत रोग निसटतो. त्यासाठी खोलवरचा तुकडा घ्यावा लागतो. सी.टी. स्कॅनमध्ये गाठीत चुन्याचे ठिपके दिसतात व निदानास मोठे साहाय्य होते. पेशींच्या स्वरूपावरून रोगाच्या तीन श्रेणी मानल्या जातात. बहुतेक गाठी पहिल्या व दुसऱ्या, म्हणजे सौम्य व मध्यम श्रेणीच्या असतात.

उपचार :

शस्त्रक्रिया हाच या रोगाचा मुख्य उपचार होय. सावकाश विभागणाऱ्या पेशी व त्यांभोवतीचा दाट, रक्तवाहिन्यांचा अभाव असलेला कूर्चाद्रव्याचा थर यांमुळे रसायनोपचाराचा फारसा उपयोग होत नाही. किरणोपचार सामान्यतः शस्त्रक्रिया अशक्य असल्यास किंवा रोगाचा अंश मागे राहिल्यास विचारात घेतले जातात.

व्हिएन्ना येथे थिओडोर बिलरोथ यांनी १८७३ मध्ये कर्करोगासाठी संपूर्ण स्वरयंत्र काढण्याची पहिली शस्त्रक्रिया केली. या शस्त्रक्रियेने रोग समूळ निघतो. परंतु रुग्णाचा नैसर्गिक आवाज कायमचा जातो व त्यास गळ्यावरील छिद्रातून श्वास घ्यावा लागतो. १९८० पासून प्रचारात आलेल्या कृत्रिम झडपेमुळे अशा रुग्णांना पुन्हा बोलता येऊ लागले, तरी मूळ आवाज परत येत नाही. म्हणून सौम्य श्रेणीच्या रोगात शक्यतो स्वरयंत्र राखून केवळ गाठ व तिच्या लगतचा भाग काढण्याकडे कल आहे. येथे क्रिकॉइड कूर्चा निर्णायक ठरते. श्वसनमार्गातील हे एकमेव पूर्ण कडे आहे. त्याचा निम्म्याहून अधिक भाग काढावा लागल्यास मार्ग कोसळण्याचा धोका उद्भवतो, पुनर्रचना कठीण होते व अनेकदा संपूर्ण स्वरयंत्र काढणे अपरिहार्य ठरते. उच्च श्रेणीच्या रोगातही हाच मार्ग स्वीकारावा लागतो.

फलनिष्पत्ती :

अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १११ रुग्णांच्या अभ्यासासह विविध अभ्यासांतून आशादायक चित्र दिसते. निदानानंतर पाच वर्षांनी रोगापासून बचावलेल्यांचे प्रमाण साधारणतः ९० टक्क्यांच्या आसपास आढळते. रोग शरीरात अन्यत्र क्वचितच पसरतो. पसरल्यास बहुधा फुप्फुसात. मात्र स्वरयंत्र राखल्यानंतर त्याच जागी गाठ पुन्हा उद्भवण्याची शक्यता लक्षणीय असते व ती दहा वर्षांनंतरही उद्भवू शकते. तरीही सौम्य श्रेणीच्या रोगात पुन्हा शस्त्रक्रिया करून बहुतांश रुग्णांत तो आटोक्यात आणता येतो. म्हणजेच प्रथम आवाज राखण्याचा प्रयत्न केल्याने अशा रुग्णाच्या आयुष्याची किंमत सहसा मोजावी लागत नाही. अट एवढीच की तपासणी आयुष्यभर चालू ठेवली पाहिजे. रोग दुर्मीळ असल्याने हे निष्कर्ष मुख्यतः जुन्या रुग्णनोंदींवर आधारलेले आहेत, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

समारोप :

अध्यापकास आवाज हेच उपजीविकेचे साधन असते. आवाज बसला की 'तास जास्त झाले' असे म्हणून आपण गुळण्यांवर भागवतो. बहुतेक वेळा कारण तेच असतेही. परंतु तीन-चार आठवड्यांनंतरही आवाज सुधारत नसेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तपासणी करून घेणे इष्ट ठरते. या रोगात गाठ लहान असताना निदान होणे म्हणजे अनेकदा स्वतःचा आवाज टिकणे होय.