घाम पुसण्याआधी

एप्रिलमध्ये आपल्या धाराशिवकडे पारा चाळिशीपार जातो. शर्ट घामानं अंगाला चिकटला, की तुम्ही वैतागता ना? पण तो घामच तुम्हाला थंड ठेवतो बरं का!

मेंदूतलं हायपोथॅलॅमस नावाचं इवलंसं केंद्र ‘घाम काढा’, ‘कुडकुडा’ असे हुकूम सोडतं. ते पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतून खाली जातात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, तेव्हा लोहारा-उमरग्याकडे दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. अशा मारानं मज्जारज्जू तुटला, की हुकूम तिथंच अडतो. झाडावरून पडून, मोटारसायकलच्या अपघातात आजही असं होतं. मग दुखापतीच्या खाली ना घाम, ना कुडकुडणं. मार मानेशी असेल, तर अंग उन्हात तापतच जातं; जिवावरही बेततं.

अशा वेळी आपला माठ आठवा. तो पाझरतो, म्हणून पाणी गार होतं. तसंच अंगावर पाणी शिंपडायचं, मानेवर ओला पंचा टाकायचा अन् वारा घालायचा. व्हीलचेअर उन्हात ठेवू नका. तापलेल्या लोखंडाचा चटका बधिर पायाला कळतच नाही. हिवाळ्यात शेकोटीचं अन् गरम पाण्याच्या पिशवीचं तेच. फोड आला तरी पत्ता नसतो. त्यापेक्षा गोधडी, कानटोपी, मोजे बरे.

शेजारचे असे एखादे काका उन्हात ‘गरगरतंय रे’ म्हणाले, तर आधी सावलीत न्या, अंग ओलं करा, आणि लगेच मोठ्यांना हाक मारा.