शेततळ्यातील एकपेशीय जीव आपले अन्न कसे मिळवितात?

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याचा बराचसा भाग पर्जन्यछायेत मोडतो. पारनेर, कर्जत, जामखेड, पाथर्डी या तालुक्यांत पाण्याचा प्रत्येक थेंब मोलाचा आहे. सन २०१६ मध्ये राज्यात 'मागेल त्याला शेततळे' ही योजना सुरू झाली. शेततळ्याच्या पाण्यावर फळबागा जगवितानाच त्यात रोहू, कटला व मृगळ हे मासे वाढविण्याचाही कित्येक शेतकऱ्यांचा मानस असतो. परंतु मत्स्यबीजाचा खर्च वाया जाऊ नये असे वाटत असेल, तर डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांचा आहार प्रथम समजून घेणे अगत्याचे आहे.

स्वतः अन्न तयार करणारे

तळ्याचे पाणी हिरवे दिसते ते मुख्यतः सूक्ष्म शेवाळामुळे. त्यातील 'क्लोरेला' हा जीव एकाच पेशीचा असून मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान असतो. पिकाच्या पानाप्रमाणे त्याच्या अंगी हरितद्रव्य असते. सूर्यप्रकाश, पाणी व कार्बन डायऑक्साइड वायू यांपासून तो शर्करा तयार करतो आणि प्राणवायू बाहेर सोडतो. नत्र व स्फुरद मात्र त्याला पाण्यातूनच घ्यावे लागते.

इतरांना खाऊन जगणारे

'अमीबा' या जीवास तोंड नाही. भक्ष्य जवळ येताच तो आपल्या अंगाचे बोटांसारखे फाटे पुढे करतो व भक्ष्याला चोहोबाजूंनी वेढून पोटात घेतो. 'पॅरामेशियम' या चपलेच्या आकाराच्या जीवाच्या अंगावर बारीक केसांसारखे तंतू असतात. ते सतत हलवून तो पाण्याचा प्रवाह मुखाकडे वळवितो व त्यासोबत आलेले जीवाणू गिळतो. गिळलेले अन्न एका इवल्या पुटीत साठते, तेथे पाचकरसांनी पचते आणि उरलेला चोथा बाहेर टाकला जातो.

'युग्लीना' या दोहोंच्या मधला होय. उजेडात तो वनस्पतीप्रमाणे अन्न बनवितो. अंधारात पाण्यात विरघळलेले सेंद्रिय पदार्थ शोषून घेतो.

कुजविणारे जीवाणू

शेण, पालापाचोळा व मेलेले जीव यांवर जीवाणू पाचकरस सोडतात आणि विरघळलेले अन्न शोषतात. यामुळे नत्र व स्फुरद पुन्हा शेवाळास मिळते. अशा रीतीने खतापासून शेवाळ, शेवाळापासून सूक्ष्म प्राणी आणि सूक्ष्म प्राण्यांपासून कटल्यासारखा मासा, अशी ही साखळी आहे.

धोका कोठे आहे?

कुजविण्याच्या कामी जीवाणू प्राणवायू वापरतात. शेवाळही रात्री प्राणवायू देत नाही, उलट घेते. म्हणून ताजे शेण एकदम भरपूर टाकल्यास किंवा पाणी फार गर्द हिरवे झाल्यास पहाटे प्राणवायू सर्वांत कमी होतो. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात व वेळीच उपाय न केल्यास मरतात. अशा वेळी खत व खाद्य तात्काळ बंद करावे, ताजे पाणी सोडावे आणि पंपाने तळ्याचेच पाणी फवाऱ्यासारखे वरून पाडावे.

सोपी परीक्षा

सुमारे २० सेंटिमीटर व्यासाच्या पत्र्याच्या चकतीचे चार भाग करून ते आळीपाळीने काळे व पांढरे रंगवावेत. खूण केलेल्या दोरीने ती स्वच्छ उन्हात पाण्यात सोडावी. सुमारे ३० ते ४० सेंटिमीटरवर चकती दिसेनाशी झाली, तर माशांचे नैसर्गिक अन्न पुरेसे आहे असे समजावे. २० सेंटिमीटरच्या आतच ती लुप्त झाल्यास खत देऊ नये. ६० सेंटिमीटरच्या खालीही ती दिसत असल्यास चांगले कुजलेले शेणखत थोडथोडे द्यावे. पाणी गाळाने तांबूस झाले असेल, तर ही परीक्षा लागू पडत नाही. प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात मातीतून पोषक द्रव्ये मिळत नाहीत. तेथे अन्नाची उणीव लवकर भासते. अशा तळ्याच्या कडा निसरड्या असल्याने एकट्याने काठावर उतरू नये.

पाण्यावर हिरव्या रंगाच्या तवंगासारखा थर जमल्यास तेथे जनावरांना पाणी पाजू नये. काही नीलहरित जीव यकृतास घातक विष निर्माण करतात.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही चकती तयार करून प्रत्येक मत्स्यपालकास तिचा वापर प्रत्यक्ष दाखवावा. हिरवे पाणी ही माशांची शिदोरी आहे. मात्र तिचे प्रमाण राखणे शेतकऱ्याच्याच हाती आहे.