‘पोटचे मूल’ आणि ‘भाडोत्री माता’ : एक अर्थविचार

व्यवहार पुढे गेला की नातेवाचक शब्दांची परीक्षा होते. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात, डॉ. इंदिरा हिंदुजा व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नाने, देहाबाहेर फलित झालेल्या बीजापासून एक बालिका जन्मली. फलन बाहेर झाले तरी गर्भ मातेच्याच उदरात वाढला. म्हणून ‘पोटचे मूल’ या प्रयोगास बाध आला नाही. सरोगसीत मात्र बीज एकीचे आणि उदर दुसरीचे असते.

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात स्त्रीस क्षेत्र व पुरुषास बीज म्हटले आहे. ही उपमा येथे अपुरी ठरते. कारण बीज स्त्रीचेही असते. मराठीची रीत निराळी आहे. ‘माझ्या पोटचा मुलगा’ असे बापही म्हणतो, आणि दत्तक ‘मांडीवर’ घेतात. ‘पोट’ व ‘मांडी’ येथे लक्षणेने नाते सुचवितात. देहाचा पुरावा मागत नाहीत.

सरोगसी (विनियमन) अधिनियम, २०२१ याने अशा अपत्यास इच्छुक दांपत्याचे अथवा स्त्रीचे जैविक अपत्य मानले आहे. गर्भ वाहणाऱ्या स्त्रीने स्वतःचे बीज देऊ नये, तसेच विहित खर्च व विमा यांपलीकडे तिला मोबदला देऊ नये, असाही नियम आहे. तेव्हा ‘भाडोत्री माता’ हा रूढ शब्द अवमानकारक तर आहेच, पण कायद्याच्या दृष्टीने अयथार्थही आहे. त्याऐवजी ‘गर्भधारिणी’ म्हणणे उचित होय. ती स्त्री जे करते तेवढेच हा शब्द सांगतो. तिचे मोल ठरवीत नाही.