नेतृत्व : चारित्र्य आणि धोरण

राजकीय नेत्याचे मूल्यमापन करताना त्याच्या व्यक्तिगत चारित्र्यास अधिक महत्त्व द्यावे की त्याने अंगीकारलेल्या धोरणांस, हा राज्यशास्त्रातील व लोकव्यवहारातील एक जुना प्रश्न आहे. चारित्र्य या संज्ञेत सामान्यतः दोन भिन्न गोष्टी एकत्र केल्या जातात. पहिली, नेत्याचे खाजगी आचरण. म्हणजे त्याची राहणी, सवयी व स्वभाव. दुसरी, त्याचे सार्वजनिक शील. म्हणजे जनतेच्या पैशासंबंधीची सचोटी, टीका ऐकून घेण्याची तयारी आणि चुकीची जबाबदारी पत्करण्याची वृत्ती. हा भेद न पाळल्यास प्रस्तुत प्रश्नाची चर्चा बहुधा निष्फळ ठरते. मुंबईच्या उपनगरांत १९६० नंतर झालेल्या काही निवडणुका व चळवळी यांतून या प्रश्नाचे विविध पैलू स्पष्ट होतात.

वैचारिक पार्श्वभूमी : कौटिल्याच्या अर्थशास्त्रात इंद्रियजय ही राजाची पहिली पात्रता मानली आहे, काम, क्रोध, लोभ इत्यादींना वश झालेल्या राजांच्या नाशाची उदाहरणे तेथे दिली आहेत. यामागील विचार केवळ नैतिक नसून व्यावहारिकही आहे. ज्याला स्वतःवर ताबा ठेवता येत नाही, त्याला राज्य राखता येत नाही, असे त्याचे सूत्र आहे. याउलट, इटालियन विचारवंत मॅकिआव्हेली (१४६९–१५२७) याने राज्य टिकविण्यासाठी शासकास रूढ नीतीपासून प्रसंगी दूर जावे लागते, असे प्रतिपादन केले. जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर (१८६४–१९२०) याने १९१९ मधील एका व्याख्यानात श्रद्धेची नीती व जबाबदारीची नीती असा भेद केला. राजकारणी पुरुषाने आपल्या हेतूंच्या शुद्धतेवर समाधान न मानता कृतीच्या संभाव्य परिणामांचे उत्तरदायित्व घेतले पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते.

महाराष्ट्रात गोपाळ कृष्ण गोखले (१८६६–१९१५) यांनी १९०५ मध्ये भारत सेवक समाजाची स्थापना करताना सार्वजनिक जीवनाला आध्यात्मिक अधिष्ठान देण्याचे ध्येय पुढे ठेवले. संविधान सभेपुढील २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मांडल्या. संविधान कितीही चांगले असले, तरी ते राबविणारे वाईट निघाल्यास ते वाईट ठरेल, हे त्यांनी सांगितले. त्याचबरोबर राजकारणातील व्यक्तिपूजा अधोगतीकडे व अखेर हुकूमशाहीकडे नेते, असा इशाराही दिला. नेत्याचे शील आवश्यक आहे, परंतु त्याच्यावरील भक्ती घातक आहे, हा त्याचा इत्यर्थ होय.

उत्तर मुंबईतील १९६२ ची निवडणूक : फेब्रुवारी १९६२ मध्ये उत्तर मुंबई मतदारसंघातून लोकसभेसाठी संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन (१८९६–१९७४) व आचार्य जे. बी. कृपलानी (१८८८–१९८२) यांच्यात लढत झाली. कृपलानी हे महात्मा गांधींचे जुने सहकारी व काँग्रेसचे माजी अध्यक्ष होते. साधेपणा, निःस्पृहता व स्पष्टवक्तेपणा यांबद्दल त्यांची ख्याती होती. मेनन यांच्यावर लंडनमधील उच्चायुक्तपदाच्या काळातील जीप खरेदीच्या व्यवहारावरून टीका झाली होती, तसेच त्यांच्या तापट व तुसड्या स्वभावामुळे त्यांना अनेक शत्रू निर्माण झाले होते. त्यामुळे ही लढत चारित्र्य विरुद्ध धोरण अशी असल्याचे चित्र काही प्रमाणात निर्माण झाले.

वस्तुस्थिती मात्र एवढी सरळ नव्हती. मेनन हे अविवाहित, शाकाहारी व मद्यापासून अलिप्त होते. खाजगी राहणीत तेही साधेच होते. कृपलानींचा मुख्य आक्षेपही धोरणावरच होता. चीनने सीमेवरील प्रदेश बळकावला असता सरकार स्वस्थ बसले आणि सैन्यात गटबाजी वाढू दिली, असे त्यांनी लोकसभेत सांगितले होते. दुसरीकडे पंडित नेहरूंनी मेनन यांची उमेदवारी हा आपल्या अलिप्ततावादी धोरणाचाच प्रश्न मानला. डिसेंबर १९६१ मधील गोवामुक्तीची आठवणही ताजी होती. मेनन एक लाखाहून अधिक मतांनी विजयी झाले.

याच वर्षी २० ऑक्टोबर रोजी चीनने मोठ्या प्रमाणावर आक्रमण केले. भारतीय सैन्याच्या अपुऱ्या सिद्धतेबद्दल देशभर क्षोभ उसळला. मेनन यांचे संरक्षण खाते ३१ ऑक्टोबरला काढून घेण्यात आले व ७ नोव्हेंबर रोजी त्यांना मंत्रिमंडळ सोडावे लागले. या पराभवाची मीमांसा करताना धोरण व स्वभाव यांना वेगळे करता येत नाही. चीनपासून मोठ्या युद्धाचा धोका नाही, हा अंदाज धोरणाचा भाग होता. परंतु प्रतिकूल सल्ला देणाऱ्यांना दूर ठेवण्याची प्रवृत्ती हा स्वभावाचा भाग होता. सेनाप्रमुख जनरल थिमय्या यांनी १९५९ मध्ये दिलेला व नंतर मागे घेतलेला राजीनामा हे त्याचे पूर्वचिन्ह होते. चुकीचे धोरण वेळीच दुरुस्त होण्यासाठी लागणारा संवाद त्यामुळे खुंटला. स्वदेशी संरक्षण उत्पादनाचा त्यांचा आग्रह मात्र पुढेही उपयुक्त ठरला. खाजगी साधेपणा त्यांना वाचवू शकला नाही, आणि धोरणातील गुणही त्यांच्या दोषांबरोबर झाकोळले गेले.

चारित्र्य व धोरण यांव्यतिरिक्त अन्य घटकही मतदारांवर प्रभाव पाडतात, हे १९६७ मध्ये दिसून आले. काँग्रेसने उमेदवारी नाकारल्याने मेनन ईशान्य मुंबईतून अपक्ष म्हणून उभे राहिले. त्यांच्याविरुद्ध काँग्रेसतर्फे सदाशिव गोविंद बर्वे (१९१४–६७) होते. सनदी सेवेतील कर्तबगार प्रशासक व राज्याचे माजी मंत्री म्हणून त्यांचा लौकिक होता. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या शिवसेनेने मेनन यांच्या परप्रांतीयत्वाचा मुद्दा प्रचारात आणला. बर्वे विजयी झाले, परंतु मार्चमध्येच त्यांचे निधन झाले. पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी तारा सप्रे यांनी मेनन यांचा पुन्हा पराभव केला.

गोरेगावचा पाणीप्रश्न : १९५७ मध्ये दहिसर व मुलुंडपर्यंतची उपनगरे मुंबई महानगरपालिकेत समाविष्ट झाली. लोकवस्ती झपाट्याने वाढली. त्या मानाने जलवाहिन्या वाढल्या नाहीत. समाजवादी कार्यकर्त्या मृणाल गोरे (१९२८–२०१२) या १९६१ मध्ये गोरेगावातून महानगरपालिकेवर निवडून आल्या. चाळी व झोपडपट्ट्यांतील स्त्रियांचे मोर्चे काढून त्यांनी पाण्याची मागणी सतत लावून धरली. त्यामुळे ‘पाणीवाली बाई’ हे नाव त्यांना मिळाले. आणीबाणीत त्यांनी भूमिगत राहून कार्य केले व नंतर कारावास भोगला. १९७७ मध्ये उत्तर मुंबईतून त्या लोकसभेवर निवडून आल्या.

त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल विरोधकांनाही शंका नव्हती. तथापि त्या प्रामाणिकपणाचे मोल मतदारांना जाणवले, ते त्याला पाण्याच्या निश्चित मागणीची जोड होती म्हणून. केवळ सज्जन प्रतिनिधीमुळे नळाला पाणी येत नाही; त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद, जलवाहिनी व नियम लागतात. या दृष्टीने चारित्र्याची मर्यादाही गोरेगावच्या अनुभवात दिसते. अनधिकृत वस्त्यांतील रहिवाशांना पाणी मिळण्याचा प्रश्न गोरे यांच्या हयातीत पूर्णपणे सुटला नाही. घर अधिकृत आहे की नाही, यावर पाण्याचा हक्क अवलंबून ठेवता येणार नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये दिला. व्यक्तीची तळमळ हक्काच्या रूपाने नियमात उतरते, तेव्हाच ती व्यक्तीच्या पश्चात टिकते.

विधिविषयक तरतुदी : सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ मधील निर्णयांमुळे उमेदवारास आपल्यावरील फौजदारी प्रकरणे, मालमत्ता, देणी व शिक्षण यांची माहिती शपथपत्राद्वारे जाहीर करावी लागते. सार्वजनिक शीलाचा काही भाग यामुळे पडताळता येतो. दुसऱ्या बाजूस, १९८५ च्या पक्षांतरबंदी तरतुदीमुळे सदनातील प्रतिनिधीचे मत बव्हंशी पक्षादेशाने बांधले गेले आहे. परिणामतः मतदार निवड करतो ती व्यक्तीची, परंतु विधेयकावरील तिचे मत पुष्कळदा पक्षाच्या धोरणाप्रमाणेच पडते.

मूल्यमापन : वरील उदाहरणांवरून नेत्याचे खाजगी गुण हे धोरणास पर्याय ठरू शकत नाहीत, असे दिसते. सार्वजनिक शीलाची गोष्ट मात्र वेगळी आहे. निवडणुकीच्या वेळी जाहीर केलेले धोरण हे ज्ञात परिस्थितीपुरते असते. त्यानंतर उद्भवणाऱ्या संकटात नेता सत्य ऐकतो की नाही आणि चूक कबूल करतो की नाही, यावर त्या धोरणाचे भवितव्य ठरते. उत्तर मुंबईतील मतदारांनी फेब्रुवारी १९६२ मध्ये ज्या धोरणाला कौल दिला, त्याची कसोटी आठ महिन्यांनी लागली. तेव्हा त्यांच्या हाती मत उरले नव्हते. म्हणूनच धोरणाची निवड करतानाच ते राबविणाऱ्याच्या सार्वजनिक शीलाची परीक्षा करणे, ही लोकशाहीतील मतदाराची आवश्यक जबाबदारी ठरते.