कमरेला पीळ, पण बेताने

लावणी झाली, खुरपणी झाली की कंबर धरते. पाठ आखडते. अशा वेळी निजून करायचे एक सोपे आसन आहे. त्याला सुप्त मत्स्येंद्रासन म्हणतात. सुप्त म्हणजे निजलेले.

जेवणानंतर 3 तास जाऊ द्या. जमिनीवर घोंगडी पसरा. उताणे निजा. गुडघे वाकवा, पावले जमिनीला टेकवा. दोन्ही हात खांद्यांच्या रेषेत पसरा. आता श्वास सोडत दोन्ही गुडघे हळूहळू उजवीकडे न्या. मान डावीकडे वळवा. सावकाश 5 श्वास होईतो थांबा. श्वास घेत गुडघे मधे आणा. मग तसेच डावीकडे करा.

गुडघे जमिनीला टेकत नाहीत? मग बळे टेकवू नका. खाली गोधडीची घडी ठेवा. गुडघे उजवीकडे असताना डावा खांदा उचलला जातो का, ते पाहा. उचलला तर पीळ जास्त झाला. गुडघे थोडे वर घ्या. दुसऱ्या कोणाला गुडघे दाबू देऊ नका. अंग म्हणजे काही ओले लुगडे नव्हे!

उठताना कुशीवर वळा, हाताचा टेका घ्या, मग बसा.

थोडा ताण बसला तर चालेल. कळ आली तर लगेच थांबा. कळ पायात उतरत असेल, पायाला मुंग्या येत असतील, तर आसन करू नका, डॉक्टरला दाखवा. गरोदर बायांनी आणि पोटाचे किंवा पाठीचे ऑपरेशन झालेल्यांनी डॉक्टरला विचारूनच करावे.