गोल्फ आणि मागून येणारी माणसे

आपल्यापैकी बहुतेकांनी गोल्फचे मैदान पाहिले असेल ते कुंपणाबाहेरून, बसच्या खिडकीतून. मुंबईत चेंबूरला किंवा पुण्यात येरवड्याच्या बाजूला जाता-येता हिरवळीचा एक तुकडा डोळ्यांसमोरून सरकतो, टोपी घातलेली दोन-चार माणसे काही न करता उभी असलेली दिसतात, आणि आपण मनात म्हणतो, हा कसला खेळ, सगळे नुसते उभेच! हा समज अगदीच चुकीचा नाही. गोल्फमध्ये फटका मारण्यात जाणारा वेळ अगदी थोडा; बाकीचा सारा चालण्यात आणि थांबण्यात जातो. परंतु हे थांबणे कोणामुळे घडते आणि त्याची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. मी दोन दिवाळीच्या सुट्ट्यांत अशाच एका मैदानावर कॅडीचे काम केले, म्हणजे खेळाडूंच्या काठ्यांची बॅग खांद्यावरून वाहिली. त्यामुळे हा प्रश्न मला प्रथम कळला तो खांद्याला, डोक्याला नंतर.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. मैदानावर १८ होल असतात. चेंडू ज्यात घालायचा तो सव्वाचार इंच व्यासाचा खळगा म्हणजे होल, आणि तिथवर नेणाऱ्या सबंध पट्टीलाही होलच म्हणतात. पट्टीच्या अलीकडच्या टोकाला ‘टी’, म्हणजे पहिला फटका मारण्याची जागा. पलीकडच्या टोकाला ‘ग्रीन’, म्हणजे खळग्याभोवतीची अगदी बारीक कापलेली हिरवळ. पट्टी लहान असेल तर तरबेज खेळाडूने तीन फटक्यांत काम उरकावे अशी अपेक्षा असते, मध्यम असेल तर चार, लांब असेल तर पाच. चार-चार जणांचे गट ठरावीक मिनिटांच्या अंतराने सोडतात. चौघांनी पायी खेळायचे तर सबंध फेरीला साधारण चार तास लागतात. पुढचा गट फटक्याच्या टप्प्याबाहेर गेल्याशिवाय मागच्याने चेंडू मारायचा नाही, कारण तो कठीण चेंडू डोक्यात बसला तर माणूस प्राणाला मुकायचा. त्यातून पुढच्यांनी वाट दिल्याखेरीज त्यांना ओलांडून जाण्याची सोय नाही. घाटात ट्रकमागे अडकलेल्या एस.टी.ची जी अवस्था होते तीच मागच्या गटाची.

आता थोडा हिशेब करू. नवशिक्या चौघांचे मिळून एका फेरीत ४०० फटके सहज होतात. प्रत्येकाने प्रत्येक फटक्याला फक्त १५ सेकंद जादा घेतली, म्हणजे एकदा अधिक काठी हवेत फिरवून पाहिली, हातमोजा सारखा केला, काठी बदलून पुन्हा पहिलीच घेतली, तर ६,००० सेकंद होतात. म्हणजे एक तास चाळीस मिनिटे. या चौघांपैकी कोणालाही विचारा, आपण संथ खेळलो असे त्याला मुळीच वाटत नसते. पंधरा सेकंद हा काय वेळ झाला? दिरंगाई करणारा माणूस आपली दिरंगाई कधीच पाहत नाही, कारण ती त्याच्या पाठीमागे साचत जाते.

बरे, सगळा दोष खेळाडूंचाच असतो असेही नाही. मध्यम पट्टीवर एकाच वेळी दोन गट मावतात. एक ग्रीनवर असताना दुसरा टीवरून मारू शकतो. लांब पट्टीवर तीनही मावतात. तीन फटक्यांच्या लहान पट्टीवर मात्र एकच. तिथे टीवरून मारलेला चेंडू थेट ग्रीनवर जाणार, म्हणून पुढचा गट ग्रीन सोडीपर्यंत मागच्यांनी हात बांधून उभे राहायचे. समजा, दर आठ मिनिटांनी एक गट सोडला आणि या लहान पट्टीवर प्रत्येक गटाला अकरा मिनिटे लागली. पहिल्या गटाला काही त्रास नाही. दुसरा तीन मिनिटे थांबतो, तिसरा सहा, आणि अकरावा गट तिथे पोहोचतो तेव्हा त्याला अर्धा तास तिष्ठावे लागते. या उदाहरणात संथ कोणीच खेळले नाही! आठ मिनिटांनी गट सोडून अधिक लोकांची सोय केली असे कमिटीला वाटले, इतकेच. आमच्या मैदानावर अशा एका टीजवळ चिंचेचे झाड होते. त्याच्या सावलीत रविवारी तीन-तीन गट बसलेले मी पाहिले आहेत, आणि ते तिन्ही गट पुढच्या चौघांना शिव्या मोजत असत. ते बिचारे चौघे सरळ खेळत होते.

यावर जुन्या खेळाडूंनी एक सुरेख तोड काढलेली आहे. पुढचा गट ग्रीनवर पोहोचला की आपले चेंडू उचलतो, प्रत्येकाच्या जागी नाण्याएवढी खूण ठेवतो, बाजूला होतो आणि मागच्यांना हात करून मारायला सांगतो. मागचे चौघे मारतात आणि चालू लागतात; ते चालत येईपर्यंत पुढचे आपले उरलेले फटके आटोपतात. मागच्यांचे चालणे आणि पुढच्यांचे खेळणे एकाच वेळात बसते. यात कोणीही घाई केलेली नसते, तरी दोन-चार मिनिटे सुटतात.

कॅडीला या मिनिटांची काळजी का, हे सांगायला हवे. त्याला पैसे मिळतात ते फेरीमागे, तासामागे नव्हे. सकाळी साडेसहाला निघालेली बॅग साडेदहाला परत आली, तर अकराच्या शेवटच्या गटांत दुसरी बॅग मिळण्याची आशा असे. साडेअकरा वाजले की दिवस संपला. पाच तास चालून एका फेरीचेच पैसे घेऊन घरी. खेळणाऱ्याच्या दृष्टीने तो एक रेंगाळलेला रविवार. तात्यांसारख्या कॅडीच्या दृष्टीने ती अर्धी मजुरी. तात्या आमच्यातले सर्वांत जुने. साहेबाला ‘लवकर आटपा’ म्हणण्याची त्यांची प्राज्ञा नव्हती, आणि गरजही नव्हती. साहेब अजून दूरवर काठी निवडीत असायचा आणि तात्या ग्रीनच्या कडेला, पुढच्या टीकडे जाणाऱ्या बाजूला, बॅग टेकवून हातात ग्रीनवरची काठी काढून उभे. साहेबाला आपोआप पाऊल उचलावे लागे. फारच झाले तर आदबीने म्हणत, “साहेब, मागची मंडळी उभी आहेत. जाऊ द्यायचं का त्यांना पुढं?” या प्रश्नाचे ‘नको’ असे उत्तर देणे भल्याभल्यांना जड जाते.

नियमपुस्तकाला ही गोष्ट उशिरा उमगली असे म्हणावे लागेल. गोल्फचे सर्वांत जुने उपलब्ध नियम १७४४ सालचे, एडिंबरोजवळच्या लीथ येथील खेळाडूंनी केलेले. एकूण कलमे १३. ज्याचा चेंडू खळग्यापासून सर्वांत लांब त्याने आधी खेळावे, हे त्यांतलेच एक. पण वेळेविषयी त्यांत अवाक्षर नाही. ज्यांना एकमेकांची तोंडे रोज पाहायची आहेत अशा मूठभर मंडळींना घड्याळाची जरूर भासली नसावी. पुढे नियमांत विलंबाबद्दल दंड आला, आणि २०१९ साली नियमांची मोठी फेररचना झाली तेव्हा वेळ वाचविण्याचा उद्देश उघडपणे सांगितला गेला. हरवलेला चेंडू शोधायला पूर्वी पाच मिनिटे असत, ती तीन केली. फटका ४० सेकंदांत मारावा अशी शिफारस आली. झेंडा खळग्यात तसाच ठेवून ग्रीनवरून मारायला परवानगी मिळाली. आणि फटके मोजण्याच्या स्पर्धेत ‘जो तयार असेल त्याने मारावे’ या रीतीला उत्तेजन देण्यात आले. म्हणजे १७४४ च्या त्या कलमाला थोडी मुरड पडली. विनाकारण खोळंबा केला तर पहिल्या वेळी एका फटक्याचा दंड, दुसऱ्या वेळी दोन फटक्यांचा, तिसऱ्या वेळी स्पर्धेतूनच गच्छंती.

नियम असा खणखणीत. अंमलबजावणी मात्र पाहण्यासारखी आहे. २०१३ च्या मास्टर्स स्पर्धेत गुआन त्यानलांग हा चीनचा अवघा चौदा वर्षांचा मुलगा खेळत होता. त्या स्पर्धेत इतक्या लहान वयाचा खेळाडू तोपर्यंत उतरला नव्हता. दुसऱ्या दिवशी सतराव्या होलवर संथपणाबद्दल त्याला एका फटक्याचा दंड झाला. पोराने तो निमूटपणे सोसला, आणि तरीही तो पुढच्या दोन दिवसांसाठी पात्र ठरला. याच्या उलट अमेरिकेतील पीजीए टूरच्या स्वतःच्या स्पर्धांत १९९५ साली ग्लेन डे याला दंड झाल्यानंतर २०१७ पर्यंत, म्हणजे २२ वर्षे, संथ खेळाबद्दल एकालाही दंडाचा फटका मिळाला नाही. या काळात सगळे वाऱ्यासारखे खेळत होते असे समजण्याचे कारण नाही. जानेवारी २०१८ मध्ये सॅन दिएगोजवळ टॉरी पाइन्सच्या शेवटच्या होलवर जे. बी. होम्स चार मिनिटांहून अधिक काळ चेंडूपाशी विचार करीत राहिला, आणि एवढे करून त्याने अलीकडेच टाकणारा सावध फटका मारला! बरोबरीचा ॲलेक्स नॉरेन विजेतेपदाच्या ऐन चुरशीत असून ताटकळत उभा होता. पुढे बरोबरी सोडविण्यासाठी जादा होल खेळावे लागले, त्यात अंधार पडला आणि निकाल दुसऱ्या दिवसावर गेला. होम्सला दंड झाला नाही. लहान मुलाला जो नियम लागतो तो मोठ्या खेळाडूला लावताना पंचांचा हात का अडखळतो, याचे उत्तर ज्याने त्याने शोधावे. त्याच वर्षी ऑस्ट्रियात युरोपियन टूरने प्रत्येक फटक्याला घड्याळ लावून एक स्पर्धा घेतली, आणि मर्यादा ओलांडली की दंड ठेवला. ती पार पडली, कोणाचे आकाश कोसळले नाही.

व्यावसायिकांचे हे चाळे क्लबातल्या मंडळींपर्यंत दूरदर्शनच्या पडद्यावरून येतात. हजारो डॉलर पणाला लागलेला मनुष्य ग्रीनभोवती चारी बाजूंनी बसून उतार पाहतो. मग आमचा रविवारचा साहेबही चारी बाजूंनी बसून पाहतो आणि चेंडू खळग्याच्या वीतभर बाजूने घालवतो. वास्तविक त्याने दुसऱ्याची पाळी चालू असतानाच आपला उतार पाहून ठेवला असता तर कोणाचेच बिघडले नसते. चेंडू झाडीत गेलासा वाटला तर पुढे जाण्याआधीच तिथून दुसरा तात्पुरता चेंडू मारून ठेवावा, नाहीतर शोध फसल्यावर सगळी वाट मागे तुडवावी लागते. फटक्यांची नोंद ग्रीनवर उभे राहून करू नये, पुढच्या टीवर जाऊन करावी. अशा गोष्टी कोणी शाळेत शिकवीत नाही. त्या बरोबरच्या माणसाकडून उचलायच्या असतात, आणि बरोबरचा माणूस स्वतःच संथ असेल तर त्याही राहून जातात.

एक गैरसमज मात्र दूर केला पाहिजे. म्हातारा खेळाडू दिसला की मागचे तरुण कपाळाला हात लावतात. माझा अनुभव उलटा आहे. वयस्क माणसे जवळजवळ पण सरळ मारतात, त्यांचा चेंडू समोरच सापडतो, आणि थकायचे नसल्याने ती फुकट फेऱ्या मारीत नाहीत. खोळंबा करतो तो जोरकस तरुण, ज्याचे तीन चेंडू तीन दिशांच्या झुडपांत असतात. तसेच मागून ओरडून, किंवा त्याहून वाईट म्हणजे पुढच्यांच्या पायाशी चेंडू मारून ‘चला’ असे सुचवणे हा धोका आहे आणि असभ्यपणाही. घाबरलेला नवशिका आणखी चार फटके जास्त घेतो.

माझ्या दुसऱ्या सुट्टीतला शेवटचा रविवार. आमच्या पुढचे चौघे दहाव्या होलपासून एक पट्टी मागे पडले होते. त्यांच्या पुढे सगळे मैदान मोकळे होते आणि मागे आम्ही, आमच्या मागे आणखी दोन गट. त्यांची एक बॅग तात्यांकडेच होती. चौदाव्यावर चेंडू शोधताना त्यांनी आपल्या साहेबाला तोच प्रश्न विचारला. साहेबाने मागे वळून आमच्याकडे पाहिले, सकाळपासून बहुधा पहिल्यांदाच, आणि टोपी काढून हात केला. आम्ही त्यांना ओलांडून गेलो. आमच्या साहेबांनी जाताना “आभारी आहे” म्हटले, त्यांनीही हसून मान डोलावली. आमची बॅग अकराला दहा कमी असताना परत आली आणि मला दुसरी फेरी मिळाली. तात्या साडेअकराला आले. वाट दिली ती त्यांनी, आणि नंबर गेला तोही त्यांचाच. बाकड्यावर बसून त्यांनी डबा उघडला आणि मी निघताना एवढेच विचारले, “कुणाची मिळाली रे?”