वीस मिनिटं आणि 178 सेकंद

178 सेकंद, म्हणजे तीन मिनिटांना दोन कमी. 1954 साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाने फक्त बाहेर बघून विमान चालवणाऱ्या 20 जणांना बाहेरचं काही दिसणार नाही अशा स्थितीत उडवून पाहिलं. विसांपैकी एकालाही विमान ताब्यात ठेवता आलं नाही. कुणाचा ताबा 20 सेकंदांत सुटला, कुणाचा 480 सेकंदांत; सरासरी 178. त्यांतले 19 जण खाली खाली जाणाऱ्या गिरकीत सापडले.

दोष कानाचा. आतल्या कानातल्या नलिकांना सेकंदाला साधारण दोन अंशांहून संथ फिरणं कळतच नाही. सेकंदाला दीड अंशाने पंख कलत गेला तर 20 सेकंदांत विमान 30 अंश कलंडतं आणि वैमानिकाला वाटतं, आपण सरळ आहोत. मग काटे बघून त्याने ते सरळ केलं की शरीर ओरडतं, आता वाकडं झालं! दिवसा ही चूक क्षितिजाची रेघ सुधारते. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या मते लहान विमानांच्या अपघातांत असे भ्रम 5 ते 10 टक्केच. पण त्यांतले 90 टक्के जीवघेणे.

भारतात डोळ्यांच्या भरवशावरचं उड्डाण सूर्यास्तानंतर 20 मिनिटांपर्यंतच चालतं. त्यापुढे नियंत्रण कक्षाची सूट लागते. कोकण किनाऱ्यावरचं मालवण 16 अंश अक्षांशावर. इथे मार्च-सप्टेंबरात सूर्य बुडाल्यापासून क्षितिजाखाली सहा अंश जाईपर्यंत जेमतेम 22 मिनिटं लागतात, लंडनला 33. म्हणजे नियम आणि संधिप्रकाश जवळजवळ एकदमच संपतात. कागदावर हिशेब चोख आहे. पण नियम सूर्य मोजतो, क्षितिज नाही. फेब्रुवारी-मार्चच्या धुरकट संध्याकाळी मालवणजवळच्या तारकर्लीच्या वाळूत उभं राहून बघा: सूर्य अजून वर असतो आणि पाणी कुठे संपलं, आभाळ कुठे सुरू झालं, ते सांगता येत नाही.

16 जुलै 1999 ला अमेरिकी राष्ट्राध्यक्ष केनेडींचे पुत्र जॉन केनेडी धाकटे अशाच समुद्रावर विमान चालवत होते. त्यांचा उड्डाणाचा अनुभव सुमारे 310 तासांचा, त्यातला रात्रीचा 55. दृश्यमानता नियमात बसत होती. पण त्या रात्री तिथे उडणाऱ्या इतर वैमानिकांनाही पाण्यावर क्षितिज दिसलं नव्हतं. अखेरीस विमान मिनिटाला 4,700 फुटांहून अधिक वेगाने खाली गेलं, विमानातले तिघेही गेले.

नवख्यांचीच ही गोष्ट, असं म्हणायला आपल्याकडे जागा नाही. 1 जानेवारी 1978 च्या रात्री सांताक्रूझहून निघालेलं एअर इंडियाचं ‘सम्राट अशोक’ 101 सेकंदांत वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळलं, 213 मृत्यू. ते जंबो जेट होतं, कॅप्टन मुरलेला. त्याच्यासमोरचं कृत्रिम क्षितिज बिघडलं होतं, सहवैमानिकाचं चालू होतं. बाहेर मात्र काळोख. खरं कुठलं, हे ठरवायला बाहेर काहीच दिसत नव्हतं.

मालवणजवळच्या चिपीच्या सड्यावरच्या विमानतळावरून पश्चिमेकडे उडालं की लगेच खाली समुद्र लागतो. त्यात मासेमारीच्या बोटींचे दिवे. हे दिवे तारे समजून विमान तिरकं धरणं हा वैमानिकांना शिकवला जाणारा जुना धोका आहे.

तेव्हा उपकरणांवर उडण्याचा परवाना नसलेल्याने या किनाऱ्यावर ती 20 मिनिटं हिशेबात धरूच नयेत. सूर्य टेकायच्या आत चाकं धावपट्टीला लागलेली असावीत, आणि धुरकट दिवशी त्याच्याही अर्धा तास आधी.